नेट चालंना

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो, तेव्हा रोजची दैनंदिनी लिहावीच लागायची. कोणत्या चारीला पाणी सोडलं, कुणी चारीचं दार फोडलं, कुणी आईमाईवरून शिव्या दिल्या, सगळं. निवृत्त झाल्यापासून हात मोकळाच होता. आज घरात नेट आलं. म्हटलं, नवा कालवा आलाय तर नोंदही सुरू करू या.

नेट घेण्याचं कारण राजनंदिनी. पोरगी पुण्यात असते. नोकरी, नवरा, चार वर्षांची अर्पिता. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करते. आजवर मोबाइलच्या डेट्यावर तिचं अर्धंच तोंड यायचं. "पप्पा, तुमचं नेट फार अडकतंय, ठेवते," म्हणून ठेवायची. पुष्पा होती तेव्हा मायलेकी तासभर बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. शेवटी फोन माझ्याकडे यायचा आणि मी म्हणायचो, "बरंय ना? ठेव मग." पुष्पाला जाऊन दोन वर्षं होतील. आता फोन आधीपासूनच माझ्याकडे असतो.

फायबरची लाइन टाकणारा कल्याण म्हणाला, "सायेब, तुमच्या गल्लीच्या डब्यात एकच जागा शिल्लक हाय. नवा डबा कवा येईल सांगता येत न्हाई." जागा एक आणि मागणारी घरं चार. मी म्हटलं, घे माझ्या नावावर, बाकीचे माझ्याकडून घेतील. तीस वर्षं एकेका दारावर चाळीस-चाळीस शेतकरी सांभाळले. चार घरांचं काय घेऊन बसलात!

आजचा कॉल एकदम स्वच्छ. पोरीने केस कापलेत. चेहरा बारीक वाटला, पण नव्या लाइनवर सगळ्यांचेच चेहरे बारीक दिसत असतील. अर्पिता कुठाय विचारलं तर म्हणाली, तिच्या बाबांबरोबर आजीकडे गेलीय. बरं झालं, दिवाळीची सुट्टी आहे. बाकी वेळ मी दिसतोय का, आवाज येतोय का, हेच विचारण्यात गेला. पहिला दिवस म्हटल्यावर तपासणी करावीच लागते.

५ नोव्हेंबर, बुधवार

कालव्यावरची सगळी भांडणं घरात चालून आली.

सकाळी शेजारची मीना. ती ब्लाउज शिवते आणि त्यांचे व्हिडिओ करून टाकते. पार भोकरदनच्या बायका ऑर्डरी देतात म्हणे. "तात्या, व्हिडिओ चढंना. नुसतं गोल गोल फिरून राह्यलंय." ती गेली तर समोरच्या हसीनाबाई. त्यांचे मालक फकरोद्दीन हायवेवर पंक्चर काढतात, आणि पोरगी साजिया घरी बसून कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांना चॅटवर उत्तरं देते. हसीनाबाई म्हणाल्या, "भाईसाब, मीनाचा व्हिडिओ चढायला लागला की साजियाचं काम बंद. उधर गिऱ्हाईक शिव्या देऊन राह्यलं, इधर पोरगी रडून राह्यली."

दुपार कलल्यावर कडूबा. गल्लीच्या टोकाला एकटाच राहतो, मुलगा संभाजीनगरला असतो. माझ्या चारीवरचा सगळ्यात शेवटचा, टेलचा शेतकरी. नोकरीत असताना ह्याच्या तोंडी मी रोज सापडायचो. नेटच्या पैशाचा वाटा मात्र सगळ्यांच्या आधी आणून दिला. ओट्यावर टेकत म्हणाला, "भागवतराव, नेट चालंना."

साहजिक आहे. राउटर माझ्या घरात, त्याचं घर टोकाला. पाणी असो की नेट, टेलला पोचेपर्यंत काय उरतं? चहा केला. चहा पीत कापसाच्या वेचणीचं बोलला, जायकवाडीचं पाणी कधी सुटणार ते बोलला आणि दिवे लागल्यावर गेला. नेटचं पुन्हा नाव काढलं नाही.

सगळ्यांना चहा करून करून साखर संपली. नुसती कटकट. उद्या साखर जरा जास्तच आणावी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उपाय सापडला. मला तो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. पाणी कमी आणि शेतकरी जास्त असले की काय करायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पाळी लावायची! प्रत्येकाला त्याचा वार बांधून द्यायचा. ज्याने आपल्या पाळीत पाणी घेतलं नाही त्याची पाळी बुडाली, पाणी पुढच्याला. नियम म्हणजे नियम.

सुवाच्य अक्षरात कागद केला आणि गेटवर चिकटवला. सोमवारी मीनाताईंची पाळी. मंगळवारी हसीनाबाईंची पाळी. बुधवारी कु. साजियाची पाळी, कामानिमित्त वाढीव. शुक्रवारी कडूबाची. रविवारी संध्याकाळचा तास माझा, राखीव. खाली सही करून "हुकमावरून" लिहिलं. सवय.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सकाळी मीना तोंडाला पदर लावून आली. हसत होती का चिडली होती कळेना.

"तात्या, तो कागद फाडा आधी!"

"का? सोमवार जमत नाही?"

"आवो तात्या, गल्लीतून शाळंची पोरं जातेत. माझ्या आन् हसीनाभाभीच्या पाळीचा वार गेटावर लावलाय तुम्ही. काय वाचून राह्यले असतील लोकं?"

मला अजूनही कळेना. मी म्हणालो, तीस वर्षं हाच शब्द लिहिला, पाणीपाळी, कलेक्टरपर्यंत कागद गेले, कुणी आक्षेप घेतला नाही. असं बोलता बोलता एकदम उजेड पडला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात कडूबा गेटापाशी उभा राहून मोठ्यांदा वाचायला लागला, "शुक्रवारी कडूबाची पाळी!" आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "भागवतराव, या वयात मला पाळी! दवाखान्यात न्या मला!" समोरच्या घरातून हसीनाबाईंचंही हसू ऐकू आलं.

कागद फाडला. नवा लावला, त्यावर "बारी" लिहिलंय. पुष्पा असती तर कागद गेटवर जाण्याआधीच हातातून ओढून घेतला असता. आणि मग संध्याकाळी राजनंदिनीला फोनवर सांगून दोघी खिदळल्या असत्या.

९ नोव्हेंबर, रविवार

ही गंमत राजनंदिनीला सांगायची ठरवली होती. पण पोरीला असलं कसं सांगायचं, जीभ रेटेना. मग नुसतं नियोजन समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला एकटं करमतं का हो?" मी म्हणालो, करमायला वेळ कुठाय, चार घरांचं नेट बघतोय. ती म्हणाली, "हं."

अर्पिता पुन्हा बाबांबरोबर आजीकडे. जावईबापू मुलीला चांगला वेळ देतात, हे कौतुकाचं आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बारी फसली. मीनाच्या दिवशी मीना कुणाला न सांगता लग्नाला गेली, लाइन दिवसभर रिकामी, आणि साजिया तिकडे हात चोळत बसली. साजियाच स्वतः आली. चोवीसेक वर्षांची, कमी बोलणारी पोर. "चाचा, पाणी अन् नेट एकसारखं नसतं. पाणी तुम्ही धरणात साठवता. नेट आत्ता वापरलं न्हाई तर गेलंच."

माझ्या मोबाइलवर तिने राउटरचं पान उघडून दिलं. कोण किती ओढतंय ते तिथे हलत्या रेघेने दिसतं. प्रत्येक घराला थोडं कायमचं बांधून द्यायचं, तेवढ्याला कुणी हात लावायचा नाही. उरलेलं ज्याला त्या घडीला लागेल त्याला. व्हिडिओ चढवायला मीनाला हद्द घालून दिली, म्हणजे बाकीच्यांचं अडणार नाही. मला आधी पटलं नाही, पण रेघ बघितल्यावर पटलं. जागेवर बसून चार दारं उघडायची न् लावायची! नोकरीत हे असतं तर मी सायकलवर कशाला मेलो असतो?

टेलसाठी कल्याणने मीनाच्या भिंतीवर सिग्नल वाढवायचा डबा बसवला. आता कडूबाला तक्रारीला जागा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कडूबा आला. "भागवतराव, नेट चालंना."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कॉल तुटला. सातच्या तासाला तिन्ही घरांना मी सांगून ठेवलं होतं, तरी राजनंदिनीचा चेहरा दगडासारखा थांबायचा, मग एकदम तोंड हलायचं. "पप्पा, मी तुम्हाला एक... ऐकू येतंय का?" "आता येतंय, बोल." "मी काय म्हणत होते..." आणि पुन्हा थांबली. शेवटी ठेवलं.

राखीव तासात कुणीतरी पाणी ओढलं. मी ओळखतो हे प्रकार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साजियाकडून कालचं पान काढून घेतलं. मीना बंद, हसीनाबाईंचं घर बंद. पण त्याच तासात एक बिननावाचं काहीतरी भसाभसा ओढत होतं.

यादीत प्रत्येक घराचे मोबाइल साजियाने नावाने टाकलेत. कडूबाचं नावच नाही. नेट आल्यापासून एकदाही नाही! रोज येऊन नेट चालंना म्हणणारा माणूस यादीत नाही. म्हणजे तो बिननावाचा हाच. रडायचंही आणि चोरायचंही.

संध्याकाळी आला आणि तेच वाक्य. आज मी चहा हातात देऊन मग बोललो. "कडूबा, तुझं नाव यादीत नाही. माझ्या पोरीच्या तासात चोरून ओढतोस ते कुणाला कळणार नाही वाटलं?"

त्याने कप खाली ठेवला. "म्या चोर हाय व्हय भागवतराव?"

"दुष्काळात चारी फोडली होतीस ना?"

"फोडली व्हती. तवा पाणी पायजे व्हतं."

एवढंच बोलला आणि उठून गेला. कपात चहा अर्धा तसाच. मी बरोबरच बोललो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाटपाची व्यवस्था उत्तम चालली आहे. मीनाचे व्हिडिओ वेळेवर चढतात, साजियाचं काम अडत नाही. तीन दिवसांत एकही तक्रार नाही.

एकही माणूस आला नाही. साखर तशीच डब्यात.

संध्याकाळी टीव्ही लावून ठेवतो. बघत नाही, पण माजघरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. आज कीर्तन होतं की बातम्या होत्या, विचाराल तर सांगता यायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायलाही लाज वाटते.

कॉल पुन्हा तुटला. ताबडतोब साजियाला हाक मारली. तिने पान उघडलं, बिननावाचं तेच ओढत होतं. ती मोबाइल हातात धरून घरभर हिंडली, मग माजघराच्या दारात उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चाचा, हा तर तुमचाच टीव्ही."

रिकाम्या खोलीत तो मोठमोठ्याने बोलत होता. नेटवर चालणारा टीव्ही. चोर माझ्याच घरात, माझ्याच वायरीवर.

"तुम्ही बघत न्हाई तर लावता कशाला?" तिने विचारलं. मी म्हणालो, चुकून राहिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कडूबाकडे जायला पाहिजे. चूक कबूल करायला पाहिजे. पण जाऊन म्हणायचं काय? चोर तू नाहीस, चोर माझा टीव्ही आहे? खात्यात असताना चूक झाली तर शुद्धिपत्रक निघायचं, तोंडाने सांगायची वेळ यायची नाही. उद्या जाईन.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या उद्या करत चार दिवस गेले. आज तो गल्लीतून दूध घेऊन जाताना दिसला. मी ओट्यावरच होतो. त्याने मान खाली घातली आणि मी पेपर वर धरला.

३० नोव्हेंबर, रविवार

आज काही म्हणजे काही ओढणारं ठेवलं नाही. टीव्हीची पिन काढून टाकली. मीनाने आपणहून सगळे मोबाइल बंद केले. साजियाला म्हटलं, माझ्याशेजारी बस आणि पानावर डोळा ठेव. तिच्या कामाचा तास बुडत होता. मी विचारलं नाही, तीही बोलली नाही.

सातला कॉल आला. इतकं स्वच्छ चित्र आजवर आलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा दिसली. मागच्या भिंतीवरचा मोठा टीव्ही गायब, नुसती वायर लोंबत होती. दुरुस्तीला दिला असेल. अर्पिता आजही नव्हती.

"पप्पा, तुम्ही एकटेच आहात ना?" तिने विचारलं.

"एकटाच," मी म्हणालो. साजिया चित्राच्या बाहेर बसली होती. "कसं दिसतंय? स्वच्छ येतंय ना?"

"येतंय. पप्पा, मला एक सांगायचंय. चिडू नका. मी आणि..."

"थांब, थांब. एक मिनिट तशीच बोलत राहा, मी स्पीड बघतो. साजिया, किती आहे?"

राजनंदिनी गप्प झाली. गप्प म्हणजे चित्र थांबलं नव्हतं. तिच्या खिडकीचा पडदा हलत होता. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "कोण आहे तिथे?" मी म्हणालो, शेजारची साजिया, नेट बघायला बसवलीय. मग ती म्हणाली, "पप्पा, तुमचं नेट अडकतंय. काही ऐकू येत नाही. ठेवते."

मी साजियाकडे पाहिलं. पानावर रेघ सरळ होती, कुठे खाच नाही, सगळी लाइन माझ्या एकट्याच्या नावावर वाहत होती. साजियाने पटकन मोबाइल पालथा केला. "लाइनच खराब होती चाचा," ती म्हणाली. "पुण्याच्या बाजूनं असंल काहीतरी."

ती जाणकार आहे. ती म्हणते तर असेल.

१ डिसेंबर, सोमवार

पण रेघ सरळ होती.

२ डिसेंबर, मंगळवार

साजिया राउटर बघायला आली होती. मी सहज म्हणालो, कडूबाचा मोबाइल एकदा यादीत घाल, म्हणजे पुन्हा गैरसमज नको.

"चाचा, कडूबादादांकडं मोबाइलच न्हाई. दिवाळीला त्यांचा लेक आल्ता, दुरुस्त करून आणतो म्हणून घेऊन गेल्ता. तवापासून लेकही न्हाई आन् मोबाइलही न्हाई."

"मोबाइल नाही? मग वाटा कशाचा दिला? अन् रोज नेट चालंना म्हणत यायचा कशाला?"

साजियाने ओढणी सारखी केली, दाराशी गेली आणि म्हणाली, "चहा चांगला करता तुम्ही."

३ डिसेंबर, बुधवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली.

एक माणूस नेट चालंना म्हणतो आणि माझ्याकडे येऊन बसतो. दुसरं माणूस नेट अडकतंय म्हणतं आणि उठून जातं. दोघांचंही नेट व्यवस्थित होतं. एकाकडे तर नव्हतंच. आणि मी दोघांच्या मध्ये बसून स्पीड मोजत होतो.

केस कापले, हे मी लिहिलंय. चेहरा बारीक, हे लिहिलंय. महिनाभर अर्पिता घरात नाही, त्याखाली जावयाचं कौतुक केलंय. भिंतीवरचा टीव्ही गेला तर म्हणे दुरुस्तीला दिला असेल. जावई घर सोडून गेला असेल, हे मनातही आलं नाही. कसला निरीक्षक मी? पुष्पाला पहिल्याच रविवारी कळलं असतं. तिला अर्धं तोंड दिसलं असतं तरी कळलं असतं.

पोर चार आठवडे सांगायला येत होती आणि मी तिला विचारत होतो, मी दिसतोय का.

दुपारी मेसेज केला. "त्या दिवशी काय सांगत होतीस?" तासाभराने उत्तर आलं. "काही नाही पप्पा, असंच." त्यावर काय लिहायचं ते सुचेना. "बरंय ना?" लिहिलं आणि खोडलं.

फार एकटं वाटतंय. वहीत लिहायला हरकत नसावी.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज गेलो एकदाचा. गल्लीच्या टोकाला, दाराजवळचा माणूस टेलवाल्याकडे. नोकरीत असतानाही मी कधी त्याच्या घरी गेलो नव्हतो, नेहमी तोच यायचा भांडायला.

कडूबा अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मला बघितलं आणि सोलत राहिला. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, गैरसमज, दिलगिरी वगैरे. त्यातलं एकही तोंडात येईना. उभा राहिलो. मग तोंडातून निघून गेलं, "कडूबा, नेट चालंना."

त्याचे हात थांबले. त्याने हातातली शेंग ढिगात टाकली. मग बाजेवर एका अंगाला सरकला.

"मंग बसा. माझं बी चालंना."

शेंगा सोलल्या. तो कापसाचं बोलला, मी पाण्याचं. चोरीचं कुणीच काढलं नाही. चहा त्याने केला, साखर माझ्यापेक्षा जास्त टाकतो. निघताना मी त्याला राजनंदिनीचं सांगितलं. जेवढं कळलं होतं तेवढं. नीट सांगता आलं नाही.

कडूबाने विचारलं, "मंग तुम्ही गेल्ते का तिकडं?"

"ती काही सांगतच नाही. फोनवर विचारलं तर असंच म्हणते."

"आवो, म्या बी फोनवर लेकाला बरंच हाय म्हणायचो," तो म्हणाला. "तुमच्या ओट्यावर येऊन तरी म्या तुम्हाला काय सांगितलं? पर येऊन बसलो न्हाई का?"

७ डिसेंबर, रविवार

सकाळी साजियाला बोलावून राउटरचा पासवर्ड आणि सगळा कारभार तिच्या हवाली केला. संध्याकाळचा तास मोकळा करून टाकला. तिला म्हटलं, तूच वापर, तुझं काम बुडवलंय मी. ती म्हणाली, "चाचा, आज पोरीचा कॉल न्हाई का?" मी म्हणालो, बारी वापरायची नसेल तर पुढच्याला द्यायची, हा आपलाच नियम आहे. घराची किल्ली कडूबाकडे दिली. त्याने शेंगांचे दाणे बांधून दिले. पोरीला आमटी करा म्हणाला. मी म्हणालो मला आमटी येत नाही. म्हणाला, "तिला येत असंल. तुम्ही बसून खा."

शहागडच्या फाट्यावर पुण्याची गाडी मिळाली. पुष्पा गेल्यापासून पहिल्यांदाच एकटा एवढ्या लांब निघालो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. अमुक झालं असेल तर असं बोलायचं, तमुक झालं असेल तर तसं. नगरच्या पुढे जुळवायचं सोडून दिलं.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जिना चढून दारापाशी उभा राहिलो आणि खिशातला मोबाइल वाजला. सातचा कॉल. दाराच्या आतूनही तीच रिंग बारीक ऐकू येत होती. उचलला नाही, बेल दाबली.

राजनंदिनीने दार उघडलं. तिच्या हातात मोबाइल, अंगात जुना गाऊन, मागे अख्ख्या घरात एकच दिवा. "पप्पा? तुम्ही? असे अचानक? काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "तिकडं नेट चालंना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ती दारातच माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. हातातली दाण्यांची पिशवी खाली ठेवायला जमेना, म्हणून तशीच धरून उभा राहिलो. काही विचारलं नाही.

आता ती आत आमटीला फोडणी देतेय आणि तिकडूनच बोलतेय. सगळं सांगतेय, अगदी पहिल्यापासून. वही मिटतो. ऐकायचंय.